बूट पुसून ठेव

एक्सिल्डा कपाम्ब्वे परत गाणार आहे हे मला न्हाव्याच्या दुकानात कळलं. आरशाशेजारी नवं पोस्टर चिकटवलं होतं. त्यात ती बावीस-तेवीस वर्षांची, डोक्यावर केसांचा हा एवढा गोल डोंगर, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि माइक असा धरलेला की आता कोणाच्या तरी टाळक्यात घालणार.

"ही बाई मेली होती ना, मुदाला?" न्हाव्यानं विचारलं. आमच्या या खाणींच्या शहरात, कितवेत, म्हाताऱ्याला मुदाला म्हणतात. मला तसं म्हणू लागल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

"मेली असती तर मीच पुरली असती," मी म्हटलं.

हे मी उगाच बोललो नाही. मी न्गोनी जमातीचा, ती बेंबा. आमच्या पणजोबांनी एकमेकांची गावं जाळली आणि शेवटी दमून ठरवलं, की यापुढे फक्त जिभेनं मारायचं. तेव्हापासून न्गोनी दिसला की बेंबानं त्याला उंदीरखाऊ म्हणायचं, बेंबा दिसला की न्गोनीनं माकडखाऊ. राग धरायचा नाही. बेंबाच्या घरी मयत झालं की खड्डा खणायला, चुलीची लाकडं फोडायला आम्ही जायचं आणि रडणाऱ्यांच्या मधोमध सोंगंही आम्हीच करायची. मेलेला कसा चालायचा ते दाखवायचं, त्याच्या नावानं नाचायचं, ताट फिरवायचं. लोक रडता रडता हसतात आणि ताटात नाणी टाकतात. आमच्या मयताला ते येऊन हेच करतात. सोय चांगली आहे. खोट एवढीच, की असल्या माणसाच्या तोंडून खरं निघालं तरी ते कोणी खरं धरत नाही.

खाणीतून तांबं निघत होतं आणि त्याला भाव होता, तेव्हाची गोष्ट. कितवेत गल्लीगल्लीत गिटार वाजायची. आमच्या बँडचं नाव रेड लिझर्ड्स. लाल सरडे. कासोंडे बेस वाजवायचा, म्विला ऑर्गन, मी ड्रम, आणि चिलेशे गिटार. पुढे एक्सिल्डा. ती चिलेशेची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तिच्या आईला सोडून.

आमच्याकडे मुलगी वयात आली की बायका तिला दार लावून आत घेतात आणि ढोल वाजवून जे शिकवायचं ते शिकवतात. त्या ढोलाचा ठेका दाराबाहेर यायचा नसतो. एक्सिल्डानं तो बाहेर आणला. माझ्याकडून ड्रमवर बसवून घेतला, त्यावर चिलेशेची करवतीसारखी कर्कश गिटार घातली, वर चर्चमध्ये लहानपणी शिकलेले तीन पदरी सूर चढवले, आणि सगळं जमून आलं की मधेच एक किंकाळी ठोकायची. मोठ्या बायकांनी बोटं मोडली. पाद्र्यानं रविवारी तिचं नाव घेऊन पाप काय असतं ते समजावलं. रेडिओवाले म्हणाले, हे धड आपलं नाही, धड गोऱ्यांचं नाही, हे ठेवायचं कुठे? पण शनिवारी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नसायची.

लोक यायचे ते मुख्यतः 'बूट पुसून ठेव'साठी. गाण्यात काही नाही. एक मुलगी तिच्या खाणकामगाराला सांगते, शनिवार आला, बूट पुसून ठेव, मी नाचायला न्यायला येते, आणि झोपलेला सापडलास तर तुझ्या भावाला घेऊन जाईन. एवढंच. ते सुरू झालं की माणसं घामानं निथळेपर्यंत नाचायची. हॉलची एक खिडकी कायमची निखळली ती त्याच गाण्यात.

मग तांब्याचा भाव पडला. दिवे जाऊ लागले, गिटारीच्या तारा मिळेनात, हॉलवाल्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली. तिची आई वर उत्तरेत म्पोरोकोसोला आजारी पडली. एक्सिल्डा पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली आणि तिकडचीच झाली. आई गेली, कोणा शिक्षकाशी लग्न झालं, तोही गेला. कसावाच्या कंदांचं शेत राहिलं.

इकडे तो आजार आला, ज्याचं नाव आम्ही कोणी घेत नव्हतो. आमच्यात पहिला कासोंडे गेला. त्याच्या मयताला चिलेशे भिंतीला धरून उभा राहिला आणि त्यानं 'बूट पुसून ठेव' म्हणायला घेतलं. सावकाश म्हटलं, कारण त्याच्या छातीत दम उरला नव्हता. दुसरं काहीही कारण नव्हतं. पण खाली बसलेल्या बायकांनी ते ऐकलं तसंच उचललं, त्याच चालीनं, आणि त्याला आपले सूर लावले. चार महिन्यांनी त्यांनी तेच चिलेशेसाठी म्हटलं. मग म्विलासाठी. मग शेजारच्या घरात, मग पुढच्या गल्लीत. त्या वर्षांत कितवेत शनिवार हा नाचायचा वार राहिला नाही, पुरायचा वार झाला. गाण्याला एक नवं कडवं लागलं, त्यात मेलेल्यांची नावं घेतात, आणि सुरुवात आमच्या तिघांपासून होते. आता घरात मयत नसताना एखादं पोर ते गुणगुणलं तर आई पाठीत धपाटा घालते, कोणाला बोलावतोस म्हणून.

यातलं एक्सिल्डाला काही ठाऊक नव्हतं. आमचे निरोप बसनं म्पोरोकोसोला पोचायचे ते माणूस मातीत गेल्यावर. ती एकाच्याही मयताला आली नाही. याचा मला राग होता आणि अजून आहे.

पोस्टर बघितल्यावर मी तसाच आमच्या वुसाकिले वस्तीतल्या वेल्फेअर हॉलवर गेलो. दारात लुबासी नावाचा एक राजधानीतला, लुसाकाचा माणूस वायरी ओढत होता. जुन्या तबकड्या जमवायचं त्याला वेड. आमची तबकडी कोणीतरी परदेशात पुन्हा छापली होती, तिकडे ती वाजत होती, म्हणून यानं म्पोरोकोसोपर्यंत जाऊन एक्सिल्डाला शोधून आणलं होतं. पोरगा मनाचा चांगला. पण जमातीनं लोझी, त्यात लुसाकाचा. आमच्या कबरस्तानातलं त्याला काय माहीत असणार?

ती स्टेजच्या पायरीवर बसून भुईमूग सोलत होती. केस पांढरे, बारीक कापलेले. हात शेतकऱ्याचे झालेले. मला बघून ती हसलीसुद्धा नाही.

"अजून जिवंत आहेस, उंदीरखाऊ?"

"तुझ्या मयताला नाचायचं राहिलंय ना. थांबलोय."

"मग थांब. माझा अजून बेत नाही." तिनं मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. "बस. किती म्हातारा झालास रे. तुझ्या गुडघ्यांचा आवाज दारातून ऐकू आला."

मी बसलो. लुसाकाची पोरं वाद्यं लावत होती. ड्रमवर एक किडकिडीत मुलगा माझाच ठेका तबकडीवरून शिकून घोटत होता, आणि खरं सांगतो, चांगला वाजवत होता.

"शेत दिराच्या मुलाला देऊन आले," ती म्हणाली. "परत जायचं नाही."

"आणि इथे कोण पोसणार तुला?"

"ते नंतर बघू. लाझारो, तिकडे मी कोणालाच सांगितलं नव्हतं की मी गायची. नवऱ्याला आवडत नसे. शेतात एकटी असले की मी डोळ्यांपुढे हा हॉल आणायची. ती खिडकी आठवते? मला ती माणसं एकदा नाचताना बघायचीत. एकदा. बाकी काही नको मला."

तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं. चिलेशे भिंतीला धरून कसा उभा होता इथपासून ते पोरांच्या पाठीतल्या धपाट्यापर्यंत. ती डोळे बारीक करून ऐकत राहिली, आणि मी थांबलो तशी हसत सुटली. हसता हसता तिला ठसका लागला.

"बूट पुसून ठेव, भावाला घेऊन जाईन, हे मयताला म्हणतात?" ती डोळे पुसत म्हणाली. "तुझी जीभ काही म्हातारी झाली नाही बरं का."

"मी थट्टा करत नाहीये, एक्सिल्डा."

"न्गोनी असं म्हणाला की समजावं, मोठी थट्टा पुढे आहे."

"चिलेशेची शपथ घेऊ?"

तिचा चेहरा उतरला. "त्याला यात ओढू नकोस," ती म्हणाली. "थट्टेलाही जागा असते." आणि उठून माइककडे गेली.

मी लुबासीला गाठलं. तो म्हणाला, "मुदाला, ह्या गाण्यावर तिकडे थंडीत गोरे नाचतात. इथे त्याच्या घरी नाचणार नाहीत?" मी म्हटलं, दुसरी म्हणू दे, हे एक वगळ. तर म्हणाला, लोक ह्याचसाठी तर येणार.

माझ्या शेजारी बाना चोला राहते. चोलाची आई. बेंबा आहे, विधवा, आणि मयताच्या घरी तिच्यासारखा आवाज लावणारी बाई सगळ्या वुसाकिलेत नाही. मला वाटलं, हिचं तरी एक्सिल्डा ऐकेल. हात जोडून तिला म्हटलं, तू जाऊन सांग.

"जित्या माणसाच्या तोंडावर त्या गाण्याचं नाव घेऊ?" ती म्हणाली. "तिला काय मारायला जाऊ मी?"

"ती हॉलमध्ये म्हणणार आहे ते."

"काहीतरीच काय. बाई आपली आहे, बेंबा आहे. दुसरी गाणी नाहीत का तिला?" आणि मग हळूच म्हणाली, "मी येणार आहे बघायला. लग्नाआधी त्या हॉलमध्ये मी पण नाचलेय, आईला चोरून."

शनिवारी दुपारी हॉल भरला. आमच्या वयाचे जे उरले होते ते आले. त्यांची मुलं आली, नातवंडं आली. दारात एक बाई मोठ्या पत्र्याच्या ताटातून चिकांडाचे, कंद आणि भुईमुगाच्या वडीचे, तुकडे विकत होती. एक्सिल्डानं लाल चितेंगेचा, बायका कमरेला गुंडाळतात त्या छापील कापडाचा, झगा शिवून घेतला होता. ती स्टेजवर आली तेव्हा लोक आदरानं हळू टाळ्या वाजवत राहिले, आजीसाठी वाजवतात तशा.

मग ती गायली. आवाज थोडा खाली आला होता, कडांना खरबरीत झाला होता, पण तोच होता. ढोलाचा ठेका, करवतीची गिटार, चर्चचे सूर, आणि मग ती किंकाळी. माझ्या पुढचा एक जाडा माणूस बायकोला म्हणाला, "ही आपली आहे? आपल्या कितवेची?" दुसऱ्या गाण्याला पोरं उठली. तिसऱ्याला बाना चोलाचे खांदे हलू लागले. मला वाटलं, मी उगाच घाबरलो. देवाला म्हटलं, मला खोटा पाड, एवढं एकदा पाड.

शेवटचं गाणं म्हणून तिनं नुसता हात वर केला. ड्रमवाल्या पोरानं ठेका धरला. इतक्या वेगात ते गाणं कोणी ओळखलं नाही. सगळा हॉल नाचू लागला, म्हाताऱ्या, पोरं, चिकांडावालीसुद्धा. एक्सिल्डा पुढे येऊन बघत राहिली. गायचं विसरून बघत होती. पोरानं आणखी एक फेरी वाजवली, मग तिनं तोंड उघडलं आणि पहिली ओळ म्हटली.

पाय थांबले. एकदम नाही, पुढून मागे. पुढच्यांना शब्द आधी कळले. बाना चोलानं माझं मनगट घट्ट धरलं. "कोण गेलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही. तिनं ऐकलं नाही. तिनं कमरेचं चितेंगे सोडून डोक्यावरून घेतलं आणि ती जमिनीवर बसली, पाय पुढे पसरून, मयताच्या घरात बसतात तशी. तिच्या शेजारची बसली. मग ओळच्या ओळ. पुरुषांनी टोप्या काढल्या आणि खाली बघत ते एकेक करून बाहेर अंगणात गेले, कारण आत बसणं बायकांचं. कोपऱ्यात कोणीतरी मुलाचं नाव घेऊन रडू लागलं.

एक्सिल्डाला वाटलं, आवाज कमी पडतोय. तिनं पोरांना हातानं खूण केली, वाढवा, अजून वाढवा. ती स्वतः नाचू लागली. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. "नाचा की," ती म्हणाली. "काय झालं? उठा ना." कोणी मान वर केली नाही. तिनं सगळ्या हॉलवरून नजर फिरवली आणि उभा राहिलेला मी एकटाच तिला दिसलो.

"लाझारो," ती माइकमधून म्हणाली. "तू तरी नाच."

मी काय करायला हवं होतं? न्गोनी त्या गाण्यावर नाचला तर त्याचा अर्थ काय होतो हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि नाही नाचलो, तर ती बाई तिथे एकटी नाचत होती. माझ्याच्यानं ते बघवेना. मी वर चढलो आणि नाचलो. कासोंडे नाचायचा तसा नाचलो, पोट पुढे काढून, मान खाली घालून, कारण मला दुसरं नाचता येत नाही.

आणि लोक हसले. रडत होत्या त्या बायका डोळ्यांवरचा पदर बाजूला करून हसल्या. त्यांना हायसं वाटलं होतं. गाणं झालं होतं, सोंग आलं होतं, सगळं रीतसर चाललं होतं. एक्सिल्डानं ते हसू ऐकलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. तिला वाटलं, गाठ सुटली, आता उठतील. ती माझ्याभोवती गोल फिरून गाऊ लागली, पंचवीस वर्षांची असल्यासारखी.

बाना चोला उठली. चिकांडावालीचं रिकामं ताट तिनं घेतलं, आणून माझ्या पायाशी ठेवलं आणि त्यात एक नाणं टाकलं. मागून दुसरी आली, तिसरी आली. नाणी वाजू लागली. एक्सिल्डानं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती बेंबा होती, तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिचा आवाज तिथेच तुटला. पोरं गोंधळून थांबली. पण गाणं थांबलं नाही. खाली बसलेल्या बायकांनी ते तिच्या हातातून घेतलं, सावकाश, चिलेशेच्या त्या दमानं, आणि बाहेरून पुरुषांचा खालचा सूर आला. इतकं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलं नाही, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मग ते कडवं आलं. कासोंडेनं बूट पुसले. चिलेशेनं बूट पुसले. म्विलानं बूट पुसले. एक्सिल्डा माइक धरून उभी होती, तोंड थोडं उघडं. तिला ते कडवं येत नव्हतं.

नंतर हॉलमागच्या पायरीवर ती माझ्याजवळ बसली.

"त्याला फार त्रास झाला?" तिनं विचारलं.

"झाला."

"माझं नाव घेतलं?"

"गाणं म्हटलं," मी म्हटलं. "ते तुझंच होतं."

"आता नाहीये," ती म्हणाली.

मी काहीतरी टवाळी करायला हवी होती. माझं कामच ते.

लुबासी वायरी गुंडाळून लुसाकाला गेला. जाताना रडला बिचारा. एक्सिल्डा म्पोरोकोसोला गेली नाही, जाणार कुठे, शेत दुसऱ्याचं झालेलं. बाना चोलानं तिला मागची खोली दिली. कोणी तिला गायला बोलावत नाही. लोक तिला नमस्कार करतात आणि रस्ता ओलांडतात, कारण मयत नसताना जिनं ते गाणं म्हटलं ती बाई दाराशी नको असते. मला विचाराल तर त्या हॉलमध्ये जे मेलं त्याला पुरायला कोणी न्गोनी पुरा पडणार नाही.

शनिवारी मात्र ती जाते. कोणाचं मयत आहे ते विचारत नाही. ओळख नसलेल्या घरात शिरते, दाराजवळ बायकांच्या मागे पाय पसरून बसते. एकदा मी चिडून विचारलं, कशाला जातेस? म्हणाली, दुसरीकडे कुठे ते म्हणतात?

गेल्या शनिवारी बुची वस्तीत एक शिंपी गेला. मी अंगणात लाकडं फोडत होतो. आत बायकांनी 'बूट पुसून ठेव' धरलं आणि मला सुरांमध्ये एक्सिल्डाचा सूर ऐकू आला, बाकीच्यांच्या जरासा पुढे. मी दारातून डोकावलो. ती डोळे मिटून गात होती आणि तिची बोटं जमिनीवर तो जुना ठेका वाजवत होती, तिच्या नकळत.

तिच्या पुढे पाठीवर तान्हं बांधलेली एक तरुण बाई बसली होती. ती मागे वळली. रागानं नाही, मायेनंच तिनं एक्सिल्डाच्या हातावर हात ठेवला आणि तो थांबवला.

"आजी, तुम्ही फार घाई करताय," ती म्हणाली. "हे असं नाही म्हणत. नव्या आहात का इथे?"

"हो," एक्सिल्डा म्हणाली. "चुकलं, पोरी."

"येईल हळूहळू. माझ्यामागून म्हणा." आणि ती तिला पहिल्या ओळीपासून शिकवू लागली.